निर्जन बेटावरची भागा टिटवी

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. झाडं होती, ओढे होते, करवंदं होती, दुपारी लोळायला सावली होती. पण तिथल्या जनावरांना एके दिवशी वाटायला लागलं, की आपल्या आयुष्यात निसर्गच नाही.

हसू नका. पोट भरलेलं असलं की असं वाटतं.

अस्वलीणबाई म्हणाल्या, "रोज उठून तीच झाडं. कंटाळा आला बाई जिवाला."

रानडुक्कर म्हणालं, "कुठंतरी लांब जावं. जिथं कुणी म्हणजे कुणीच नसेल."

वानर म्हणाला, "आणि जेवणाची सोय असेल."

हे बोलणं ओढ्यातून जाणाऱ्या एका पाणमांजराने ऐकलं. त्याचं नाव उदाजी. अंगाने गुळगुळीत आणि बोलण्याने त्याहून गुळगुळीत. ओढा जिथं खाडीला मिळतो तिथं समोर वाळूचं एक बेट होतं. वाळू, थोडी मर्यादवेल, केवड्याचं एक बन, बस्स. उदाजी जन्मापासून ते बेट बघत होता. पण त्या दिवशी त्याने ते वेगळ्याच नजरेने बघितलं. घरातली म्हातारी गाय व्यापारी बघतो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी जंगलात दवंडी फिरली.

"चला हो चला! निर्जन बेटाची छोटीशी सहल! सोबत माहितगार गाईड! ओहोटीला जायचं, भरतीच्या आत परत! जिथं आजवर कुणाचं पाऊल पडलं नाही, तिथं तुमचं पाऊल पडेल!"

आता तुम्ही विचाराल, बेट खरंच निर्जन होतं का?

कसलं निर्जन! पाऊल टाकायला जागा नाही इतके खेकडे होते. त्यांची बिळं, त्यांची भांडणं, त्यांची लग्नं. शिवाय एक टिटवा आणि एक टिटवी. पण ही सगळी गरीब मंडळी. आणि गरीब मंडळी राहतात त्या जागेला निर्जन म्हणायची पद्धत फार जुनी आहे.

उदाजीने बेटावर जाऊन सगळ्यांना गोळा केलं.

"मंडळी, तुम्हाला काहीएक करायचं नाही," तो म्हणाला. "मी शिट्टी वाजवली की फक्त दिसेनासं व्हायचं. पाहुणे गेले की परत दिसायचं."

बेटावरचा थोरला खेकडा होता बाळोबा. त्याने एक डोळा उदाजीकडे आणि एक समुद्राकडे लावून विचारलं, "त्यात आमचा फायदा?"

"पाहुणे खातात थोडं आणि सांडतात फार. सांडेल ते तुमचं."

झालं! खेकड्यांनी तिथल्या तिथं 'बेट निर्जन ठेवा समिती' काढली. बाळोबा अध्यक्ष झाला. बेटावर कुणीही राहत नाही हे सांभाळायला बेटावरचे सगळे राहणारे कामाला लागले.

काम काही कमी नव्हतं. पाहुणे यायच्या आधी खेकडे केवड्याची सुकी पानं घेऊन सगळं बेट झाडत. आपल्याच पायांच्या खुणा पुसत. बिळांची तोंडं बुजवत. वाळू अशी गुळगुळीत करत की बघणाऱ्याला वाटावं, देवाने आत्ताच हात फिरवलाय. मग जंगलातली जनावरं येत आणि त्या वाळूवर आपलं पहिलं पाऊल टाकून गहिवरत. ते गेले की खेकडे त्यांचीही पावलं पुसत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी पहिलं पाऊल असे.

समितीत एकच जण गेली नाही. भागा टिटवी.

तिचा नवरा शिरपा मात्र गेला. शिरपा स्वभावाने इतका मऊ, की वाऱ्यालाही 'आधी तुम्ही' म्हणायचा.

"मी दोघांचंही नाव दिलंय," तो घरी येऊन म्हणाला.

"माझं नाव द्यायला मी काय मेले होते?" भागा म्हणाली. "माझ्या घरात मी नाही असं मी का म्हणू? तुम्ही म्हणा. तुम्ही घरात असलात काय नि नसलात काय."

तिचं बोलणं बेटाच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचं. टिटवीचा गळाच तो. बाळोबा म्हणायचा, भागाक्का कुजबुजली तरी जहाज वाट बदलतं.

काही दिवस असेच गेले. शिट्टी वाजली की भागा बडबडत केवड्याच्या बनात जाऊन बसायची. मग एके दिवशी तिने अंडी घातली. चार. मधोमध, उघड्या वाळूवर, पायाने उकरलेल्या एवढ्याशा खळग्यात. टिटव्या घरटं बांधत नाहीत, बाळांनो. त्यांची अंडीच ठिपक्याठिपक्यांची, मातकट असतात. जमिनीत मिसळून जातात. बाकीचं काम टिटवीचा गळा करतो.

पुढे महिनाभर तराफा मोडल्यामुळे सहल बंद होती; ती परत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, अंडी फुटायला आली होती तेव्हा, बाळोबा तिरक्या चालीने आला. "भागाक्का, अंडी बरोबर वाटेत आलीत. सहल इथूनच जाते. जरा बाजूला घ्या की."

"अंडी म्हणजे काय मडकी वाटली तुला? उचलून या अंगणातून त्या अंगणात ठेवायला?"

"मग निदान शिट्टी वाजल्यावर तुम्ही तरी बाजूला व्हा."

"आणि दुपारची वाळू? हात ठेवून बघ. मी पोट भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते, म्हणून ती जगतात. उघडी टाकली तर आत पोरं शिजतील माझी."

शिरपा हळूच म्हणाला, "अगं, छोटीशीच सहल आहे. उदाजी म्हणतो, गेलो आणि आलो."

"उदाजी म्हणतो!" भागा म्हणाली. "उदाजीने कधी अंडं घातलंय?"

पण सगळे खेकडे भोवती जमले. कुणी म्हणालं, आमची पोरं पाहुण्यांच्या उष्ट्यावर जगतात. कुणी म्हणालं, एकीच्या हट्टापायी सगळ्यांचं नुकसान. बायकांना गप्प करायला एवढं पुरतं. भागालाही थोडा वेळ पुरलं.

"बरं," ती म्हणाली. "पण कुणाचा पाय पडला तर?"

तेव्हा शिरपाला एक युक्ती सुचली. आयुष्यात पहिल्यांदाच सुचली, त्यामुळे तो स्वतःच दचकला.

"आपण अंड्यांभोवती खडे मांडू. ठिपक्यांचे, मातकट, गोल खडे. खड्यांत अंडी ओळखू यायची नाहीत. आणि खड्यांवर कुणी पाय देत नाही. टोचतात."

भागाने नवऱ्याकडे निरखून बघितलं. "तुम्हीच बोललात ना हे? बरं सुचलं की."

समितीने रातोरात नव्हे, भर दुपारी मेहनत केली. वाळूच्या बेटावर खडा कुठला मिळायला? खेकड्यांनी खडे खाडीच्या पलीकडून नांगीत धरून एकेक करून आणले. चांगले गोल, सुबक निवडून आणले. अंड्यांभोवती छान रिंगण करून मांडले. मग मागे सरून बघितलं आणि एकमेकांची पाठ थोपटली.

आता बघा हं. मैलभर नुसती वाळू. कुठं काडी नाही, कुठं शिंपला नाही. आणि मधोमध रांगोळी काढावी तसं खड्यांचं रिंगण. सगळ्या बेटावर नजर जाईल तर तिथंच जाईल. पण हे समितीतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. समितीत सगळे एकाच दिशेने बघतात, तिरके.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली.

खेकडे बिळात गेले आणि आतून वाळू ओढून घेतली. शिरपा मर्यादवेलीखाली आडवा झाला. भागाने पळत जाऊन पाण्यात पोट भिजवलं, अंडी गार केली आणि केवड्यात शिरली. तिथून तिला सगळं दिसत होतं.

ओंडक्यांचा तराफा किनाऱ्याला लागला. उदाजी पुढे उडी मारून उतरला. मागून अस्वलीणबाई, रानडुक्कर आणि वानर.

"बघा!" उदाजी म्हणाला. "आहे कुणी?"

"कुणी नाही!" तिघांनी एका सुरात सांगितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"टाका पहिलं पाऊल."

यावर भांडण लागलं. वानर म्हणाला, मी आधी उतरलो. डुक्कर म्हणालं, मी चारही पाय टाकलेत, तुझे दोनच. उदाजीने समजूत काढली, की बेट एवढं मोठं आहे, इथं प्रत्येकाचं पाऊल पहिलंच. यात बराच वेळ गेला.

केवड्यात भागा पुटपुटली, "चला ना मेल्यांनो."

"आता आपण शांतता ऐकू," उदाजी म्हणाला. "ही आपल्या सहलीची खास गोष्ट. डोळे मिटा."

सगळ्यांनी डोळे मिटले.

"किती शांत आहे ना!" अस्वलीणबाई ओरडल्या.

"हो ना!" डुक्कर ओरडलं. "आमच्याकडे अशी शांतता कुठली! आमच्या शेजारी तरस राहतो!"

"काय करतो तो?"

"हसतो!"

मग तरसाची गोष्ट निघाली. मग अस्वलीणबाईंच्या जावेची. मग शांतता नीट ऐकता आली नाही म्हणून परत एकदा ऐकायचं ठरलं.

ऊन चढत होतं. भागाचं पोट सुकलं होतं. म्हणजे अंडीही सुकली असणार. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली. तिच्या मनात एकच गोष्ट. आत चार जीव आहेत आणि वाळू तापते आहे.

बिळात कोंडून कोंडून एका खेकड्याचा जीव घाबरा झाला. त्याने वाळूतून एक डोळा वर काढला.

"हे काय उगवलं?" वानराने विचारलं.

"दुर्मिळ वनस्पती," उदाजी म्हणाला. "हात लावू नका, लाजते."

खेकड्याने लाजून डोळा आत घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"भूक लागली," वानर म्हणाला. मग तिथंच बसून खाणं झालं. केळी झाली, मध झाला, कंदमुळं झाली. खाऊन झाल्यावर डुक्कर आडवं झालं आणि म्हणालं, "इथं एक छोटंसं घर पाहिजे बघा. कुणाला पत्ता द्यायचा नाही."

"मी शेजारी घेईन," अस्वलीणबाई म्हणाल्या. "एकान्त मिळेल दोघांना."

छोटीशी सहल, बाळांनो! लांबलचक सहलीला निदान शेवट कधी ते माहीत असतं. छोटीशीला कुणी विचारतच नाही.

भागा केवड्याबाहेर अर्धी आली. मर्यादवेलीखालून शिरपाने डोळ्यांनी हात जोडले. ती परत आत गेली. तिने चोच पानावर आपटली. पान फाटलं.

शेवटी उदाजी उठला. "मंडळी, परतायची वेळ झाली." भागाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात उदाजीची नजर रिंगणावर गेली. हे रिंगण कुठून आलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. समितीने त्याला कळवायचं राहून गेलं होतं. पण गाईड कधी गोंधळत नाही.

"आणि हे," तो म्हणाला, "या बेटाचे प्राचीन खडे! समुद्राने स्वतः मांडलेले! आठवण म्हणून प्रत्येकाने एकेक घ्यावा."

तिघे धावले. वानराने दोन घेतले आणि एक गालात ठेवला. डुकराने नाकाने उलथापालथ सुरू केली. अस्वलीणबाई चोखंदळ. त्यांनी सगळे खडे बघितले आणि बरोबर मधला उचलला.

"हा किती सुरेख! ठिपके बघा. आणि गरम आहे हो!"

"उन्हाने," उदाजी म्हणाला.

"घरी फळीवर ठेवीन. माझ्या जावेकडे नाही असा."

त्यानंतर जे झालं ते बेटाने आधी कधी ऐकलं नव्हतं.

भागा केवड्यातून सुटली ती सरळ अस्वलीणबाईंच्या नाकावर. "ठेव! ठेव खाली! केसाळ गाठोडं मेलं! लोकांची पोरं फळीवर ठेवतेस? आणि तू रे नाकाड्या, काढ ते थोबाड तिथून! डोळे आहेत का कवड्या? आई नाही का कुणाला?"

तिघेही पुतळ्यासारखे उभे राहिले. वानराच्या गालातला खडा गिळला गेला.

सगळ्यात आधी डुक्कर भानावर आलं. ते उदाजीकडे वळलं आणि दुखावलेल्या आवाजात म्हणालं, "इथं तर कुणीतरी आहे."

"फसवणूक!" वानर म्हणाला.

"कोण तुम्ही?" अस्वलीणबाईंनी भागाला विचारलं. "आणि या निर्जन बेटावर काय करताय?"

"राहते!"

"निर्जन बेटावर असं राहता येत नाही."

"माझ्या आईने मला इथंच उबवलं, तेव्हा तुमचं निर्जन कुठं होतं?"

उदाजी मधे पडला. "पाहुणे, माफ करा. ही कुठून तरी आलेली दिसते. भागाबाई, तुम्ही जरा..."

"तू गप! तुझ्या शेपटीची दोरी करीन. आणि बाई, ते अंडं आधी खाली ठेवा. माझं पोर आहे त्यात."

अस्वलीणबाईंनी अंडं छातीशी धरलं. "खडा आहे तो. मी निवडलाय. उद्या प्रत्येकजण येऊन म्हणेल, माझं पोर आहे."

"पुरावा काय?" डुकराने विचारलं.

तेवढ्यात अंडं बोललं. "टी."

सगळ्यांनी अस्वलीणबाईंच्या पंजाकडे बघितलं.

"टी टी," अंडं परत म्हणालं आणि त्याला बारीक चीर गेली.

"दगड बोलला!" वानर म्हणाला.

"मी निवडलेला दगड बोलतो," अस्वलीणबाई म्हणाल्या. पण त्यांनी पंजा हळूच उघडला. कारण त्यांच्या पंजात काहीतरी हळूच टोचत होतं. त्यांनाही दोन लेकरं होती. त्यांनी मुकाट्याने खाली बसून अंडं खळग्यात ठेवलं.

भागा धावली. अंड्यांना चोच लावली. तापलेली होती. आतून चारी अंडी कुरकुरत होती. पाण्यापर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता. तिने वर बघितलं. समोर तीन धिप्पाड जनावरं तोंड वासून उभी.

"नुसते उभे काय राहिलात? सावली करा!"

"काय?"

"सावली! आयुष्यात कधी कुणाला दिलीय का? या इकडे. केसाळ बाई, तुम्ही या बाजूला. नाकाड्या, तू तिथं. माकडा, हात पसर. आणि उदाजी, तू पाण्यात जा, भिजून ये आणि अंग झटक इथं. पळ!"

बाळांनो, तिघेही गोल करून उभे राहिले. कुणी हूं नाही की चूं नाही. उदाजी पाण्यात जाई आणि येऊन अंग झटकी. भरतीचं पाणी चढायला लागलं तरी कुणी हललं नाही, कारण भागा हलू देत नव्हती. एक अंडं फुटलं. मग दुसरं. मग तिसरं. शेवटी धाकटं, आढेवेढे घेत, बापासारखं.

चार ओली पिल्लं वाळूवर उभी राहिली. काटकुळे पाय आणि मोठे डोळे.

"अय्या!" अस्वलीणबाई म्हणाल्या.

भागाने "टिटिव!" असा इशारा दिला. चारही पिल्लं जागच्या जागी दबली आणि दिसेनाशी झाली. टिटवीच्या पिल्लांना हे शिकवावं लागत नाही. आई ओरडली की दगड व्हायचं.

"आता निघा," भागा म्हणाली. "पायाखाली बघून चाला. पिल्लाला धक्का लागला तर डोळे काढून खेकड्यांना देईन."

तिघे जण चवड्यांवर तराफ्यापर्यंत गेले. मागे वळून बघायचीही छाती झाली नाही.

भागाने निःश्वास सोडला. तिला वाटलं, गेली ब्याद.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण मग ती खरी गोष्ट झाली नसती.

दुसऱ्या दिवशी तराफ्यावर गर्दी मावत नव्हती. उदाजीने नवी दवंडी दिली होती. "चला हो चला! रागीट बेटाची छोटीशी सहल! अस्सल रहिवासी बाईच्या तोंडून अस्सल शिव्या! समोरासमोर!"

सगळ्यात पुढे अस्वलीणबाई, आपल्या जावेला घेऊन. "त्याच बघ त्या! अहो भागाबाई, ओळखलंत का? मला केसाळ गाठोडं म्हणाला होतात! हिलाही काहीतरी म्हणा ना. हिला विश्वास बसत नाही."

"चालत्या व्हा इथून!" भागा ओरडली. "लाजा कशा वाटत नाहीत!"

"ऐकलंस?" अस्वलीणबाई जावेला म्हणाल्या. "किती मनापासून बोलतात!"

"आमच्याकडे सगळे तोंडदेखलं गोड बोलतात," जाऊ म्हणाली. "असं खरं खरं कुणी बोलतच नाही."

डुक्कर आपल्या मेहुण्याला सांगत होतं, "मला नाकाड्या म्हणाली. दोनदा."

भागा जितकी ओरडे तितकी गर्दी वाढे. ती अंगावर गेली की टाळ्या. तिने टोचलं की लोक जागा दाखवत फिरत. समितीचा बाळोबाही खूश. आता बिळात लपायलाही नको होतं. उलट खेकडे रांग लावायला उभे. "ढकलाढकली करू नका. सगळ्यांना शिव्या मिळतील."

आणि पिल्लं?

पिल्लं दगड होऊन पडलेली. आई ओरडते आहे म्हणजे धोका आहे, एवढंच त्यांना कळत होतं. ती सकाळपासून ओरडत होती. म्हणून पिल्लं सकाळपासून दबून होती. टिटवीच्या पिल्लाला आपलं आपण टिपून खावं लागतं. आई भरवत नाही. दिवस उतरला, सहल गेली आणि भागाने त्यांना हाक मारली, तेव्हा तिघं लटपटत उठली. धाकटं उठलंच नाही. मान वर करून परत टाकली.

भागाने त्याला पंखाखाली घेतलं. त्याचं पोट बोटभर आत गेलेलं. तिने समोर किडा ठेवला. त्याने बघितला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने अर्धा गिळला.

त्या संध्याकाळी भागा ओरडली नाही. शिरपा घाबरला. लग्न झाल्यापासून असं झालं नव्हतं.

"उद्या परत येतील," ती म्हणाली. "ओरडले तर पोरं उपाशी मरतील. नाही ओरडले तर पायाखाली मरतील. काय करू, सांगा."

शिरपाने पायाने वाळू उकरली. मग म्हणाला, "तुझ्या आत्याकडे आपण एकदाच गेलो होतो. आठवतं?"

"आत्याचं काय मधेच?"

"किती मायेची बाई. मला म्हणाली, जावईबापू, एवढा एक किडा घ्याच. मग म्हणाली, माझ्या गळ्याची शपथ. मग वजन का घटलंय विचारलं. मग नोकरीचं. मग तिच्या गुडघ्यांचं पहिल्यापासून सांगितलं. मी परत कधी तिच्याकडे गेलो का?"

भागाने नवऱ्याकडे बघितलं. ही त्याची दुसरी युक्ती. पहिलीने काय केलं ते तिला माहीत होतं. पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

सकाळी तराफा लागला. गर्दी उतरली आणि कान टवकारून उभी राहिली.

भागाने आवाज बारीक केला. टिटवीने गोड बोलणं म्हणजे माशाने झाडावर चढणं. पण धाकटं पंखाआड धुगधुगत होतं. ती पुढे झाली.

"या, या! उन्हाचे आलात. बसा. अहो, पाय पसरून बसा, परक्यासारखे काय उभे? आता जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही हं."

गर्दीने एकमेकांकडे बघितलं.

"आधी शिव्या आहेत ना?" अस्वलीणबाईंनी विचारलं.

"शिव्या कसल्या बाई! घरच्यांना कुणी शिव्या देतं का?" भागाने केवड्याच्या पानावर वळवळणारे किडे वाढले. "घ्या. लाजू नका. एवढंसंच? आवडलं नाही का? नाही, नाही, एवढा एक तरी. हा शिरपांच्या नावाने. हा पोरांच्या नावाने. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

अस्वलीणबाईंनी डोळे मिटून गिळलं.

"आणि ही जाऊ का? धाकटी? तब्येत का अशी उतरली? घरी काही त्रास? थोरली जाऊ बघते ना नीट?"

दोघी जावा एकमेकींपासून जरा लांब सरकल्या.

"तुम्ही हो?" भागा वानराकडे वळली. "लग्न झालं की नाही? का नाही? वय काय? कामधंदा काय करता? नुसत्या उड्या? माझी एक मावसबहीण आहे, तिच्या ओळखीत एक वानरीण आहे, थांबा, सांगते सगळं. बसा, बसा, उठता कुठं?"

मग तिने आपल्या गुडघ्यांचं काढलं. मग शिरपाच्या पोटाचं. मग नणंदेच्या बाळंतपणांचं, पहिल्यापासून. मधे मधे वाढत होती. डुक्कर 'पोट भरलं' म्हणालं तेव्हा तिने डोळ्यांत पाणी आणलं. "आम्ही गरीब, म्हणून नाही ना खात?" डुकराला आणखी चार किडे खावे लागले.

आई ओरडत नव्हती. म्हणून पिल्लं उठली. पाहुणे आग्रहाने जागच्या जागी खिळलेले, पाय हलवायची सोय नाही. पिल्लं त्यांच्या खुरांमधून, पंज्यांमधून फिरत टिपायला लागली. धाकट्याने आधी एक माशी टिपली. मग दुसरी.

उदाजी कासावीस झाला. भागाच्या कानाशी येऊन म्हणाला, "भागाबाई, ओरडा ना जरा. एकदा तरी. लोक लांबून आलेत."

"अरे उदाजी, तू उभाच? तू तर माझ्या भावासारखा. ये, तुला हाताने भरवते. आणि तुझ्या लग्नाचंही माझ्या मनात आहे."

उदाजीने पाण्यात सूर मारला तो पार पलीकडे निघाला.

वानराने पळायची सुरुवात केली. "मी जरा तराफा बघून येतो," म्हणाला आणि तराफ्याकडे न बघता पोहत सुटला. मागून डुक्कर, मागून मेहुणा. अस्वलीणबाई सगळ्यात शेवटी उठल्या. भागाने त्यांच्या हातात पानाची पुरचुंडी दिली. "हे मुलांना. आणि आता परत कधी येताय? तारीख सांगूनच जा. आठ दिवस राहायलाच या ना!"

"येऊ, येऊ," अस्वलीणबाई म्हणाल्या आणि गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर जावेला म्हणाल्या, "हे ऐकायला एवढ्या लांब कशाला यायचं? आपल्या सासरी हेच चालतं."

त्यानंतर बेटावर कुणी आलं नाही. दवंडी पिटली तरी जंगलातली जनावरं म्हणत, नको बाबा, ती बाई जेवायला बसवते.

उदाजी काही उपाशी मरणारा नव्हता. काही दिवसांनी तो खेकड्यांकडे आला आणि म्हणाला, "चला हो चला! निर्जन जंगलाची छोटीशी सहल!" बाळोबाने समितीसह तराफ्यावर पहिली जागा धरली. त्या दिवशी जंगलात अस्वलीणबाई दोन्ही लेकरांना घेऊन शिट्टी वाजल्यापासून खेकडे परत जाईपर्यंत ढोलीत दडून बसल्या होत्या म्हणे. सोबत जाऊही होती. जागा लहान होती.

बेटावर मागे उरले भागा, शिरपा आणि चार पिल्लं. पिल्लं आता धावत होती. धाकटं सगळ्यात पुढे, पोट तट्ट फुगलेलं. वारा पडला होता. लाट येई आणि हळूच जाई.

शिरपा हलक्या आवाजात म्हणाला, "किती शांत झालंय नाही सगळं?"

"हळू बोला!" भागा अशी ओरडली, की चारही पिल्लं जागच्या जागी दगड झाली. आणि शिरपाही.

तात्पर्य: बाळांनो, नकोसा पाहुणा दारात आला तर त्याला कधीही शिव्या देऊ नयेत. शिव्या खायला लोक हौसेने येतात आणि येताना जावेलाही आणतात. त्याला मायेने बसवावं, पोट भरल्यावरही वाढावं आणि लग्नाचं विचारावं. आपल्याकडे अतिथीला देव मानतात ते यासाठीच. देव एकदा घरी जेवून गेला की परत येत नाही.